पेढे कशाचे?

वीरधवल सुट्टीवर आला की घरातली शेगडी गंजायला लागते, असं त्याची बायको संयोगिता सगळ्यांना सांगायची, आणि ती फार काही वाढवून सांगत नव्हती. इस्लामपूरच्या पुढं, चहूबाजूंनी ऊस आणि मध्ये घरं, अशी त्यांची वाडी. घरटी एक माणूस पलटणीत. आणि वाडीचा रिवाज असा, की सुट्टीवर आलेल्या जवानानं परत जायच्या आत भावकीतल्या प्रत्येक घरी जेवलंच पाहिजे. पहिलं आवतण एसटीच्या पायरीवरच मिळतं. नको म्हणायची सोय नाही. कुणी म्हटलंच, तर "आता त्याला आमची भाकरी गोड लागत न्हाई" हे वाक्य त्याच्या पुढच्या सुट्टीपर्यंत वाडीभर हिंडत राहतं.

आजवर वीरधवलला या रिवाजाचा जाच कधी वाटला नव्हता. उलट युनिटमध्ये रात्रीची राजमा-रोटी खाताना तो डोळे मिटून भावकीतली घरं एकेक करून आठवायचा. कुणाकडचं मटण, कुणाकडची पुरणपोळी, कुणाकडं नुसता पिठलं-भात पण असा की ताट चाटून पुसून ठेवावं.

या वेळची गोष्ट मात्र निराळी होती. वीरधवल होता नायक. पुढची पायरी हवालदाराची, आणि त्यासाठी एक अवघड कोर्स करावा लागतो, त्याला फौजेत कॅडर म्हणतात. गेल्या हिवाळ्यात त्याचा घोटा मुरगळला, पायाला प्लास्टर बसलं, बाकीचे ड्युटीवर गेले की हा बराकीत एकटा. प्लास्टर सुटलं, पण तोवर पॅन्टचं बटण रुसून बसलं होतं. युनिटच्या डॉक्टरसाहेबांनी त्याला काट्यावर उभं केलं, चष्म्याच्या वरून बघितलं आणि म्हणाले, "घरी चाललायस ना? मग हे पोट तिकडंच ठेवून ये." साहेब हसत होते, पण पुढचं बोलणं हसण्यासारखं नव्हतं. परत आल्यावर वजन मर्यादेत नसलं तर कॅडरच्या यादीतून नाव कट. पुन्हा संधी कधी, ते देवाला माहीत.

आता हे वाडीला सांगायचं कसं? त्याचे चुलते आकाराम, ज्यांना सगळे आबा म्हणत, त्यांनी इस्लामपूरच्या बाजारात भेटेल त्याला सांगून टाकलं होतं की आमचा वीरू आता हवालदार होतोय. त्या आबांपुढं जाऊन 'पोट सुटलं म्हणून अडकलंय' असं म्हणायचं? वीरधवलनं ते फक्त संयोगिताला सांगितलं. ती म्हणाली, सरळ सांगून मोकळे व्हा, फार तर चार दिवस हसतील. तो म्हणाला, चार दिवस नाही, चार पिढ्या हसतील. मग तिनं तो विषय सोडला, कारण फौजी माणूस एकदा अडून बसला की रणगाडा आणला तरी हलत नाही.

पहिले दोन दिवस त्यानं अर्धी भाकरी कमी खाल्ली, एवढंच. तिसऱ्या दिवशी एका घरी मटणाची वाटी पुन्हा पुन्हा भरली जाताना तो असा कोंडीत सापडला, की तोंडातून निघून गेलं, "उद्यापासनं काय बोलवू नका. भैरोबाला नवस बोललोय. सुट्टीभर उपवास धरणार हाय."

वाढणाऱ्या बाईनं वाटी खाली ठेवून हात जोडले. कुणीतरी म्हणालं, पोरगं देवाधर्माचं निघालं. वीरधवल तिथून उठला तो एखादी चौकी जिंकल्यासारखा. घरी येऊन त्यानं मोठ्या तोऱ्यात संयोगिताला सांगितलं, आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"उपवास म्हणालासा? आवं, पोट बिघडलंय म्हणायचं, दात दुखतोय म्हणायचं. उपवास कशाला म्हणालासा?"

कशाला ते त्याला सकाळी कळलं. उजाडता उजाडता पहिलं पातेलं आलं, साबुदाण्याच्या खिचडीचं, वर तुपाची तार. ते रिकामं होतंय तोवर वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी. मग रताळ्याचा गोड कीस, राजगिऱ्याच्या वड्या, बटाट्याचा चिवडा, केळ्यांचा अख्खा घड. जेवण तर रोजचंच, त्याला एखादा दिवस कसंतरी टाळता आलं असतं. पण उपवास करणाऱ्या माणसाला फराळ पाठवणं हे पुण्य! ते पुण्य सोडायला भावकीतली एकही बाई तयार नव्हती. त्यात शेजारची चुलती बनुबाई, आबांची बायको, जिला तो नानी म्हणायचा, तिनं गुळातले शेंगदाण्याचे लाडू करून डबा भरून पाठवला. तिच्या हातचे लाडू म्हणजे मुठीएवढे.

आठवडा असा गेल्यावर वीरधवल चिंतामणच्या किराणा दुकानात गेला. तिथं पोती जोखायचा मोठा काटा होता. दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून तो हळूच त्यावर चढला. चिंतामणनं गल्ल्यावरून मान वर केली आणि विचारलं, पोतं कुठंय? मग आकड्याकडं बघून म्हणाला, अरे हो, हे काय. आकडा सुट्टीवर येतानाच्या वजनापेक्षा वर गेला होता.

घरी आला तेव्हा दुपार होती. संयोगिता अंगणवाडीत शिकवायला गेलेली. घर सामसूम. वीरधवल स्वयंपाकघरात गेला, फळीवरचा डबा काढला आणि स्वतःला म्हणाला, एकच. एक लाडू खाल्ला. दुसऱ्या वेळी त्यानं स्वतःला काहीच म्हटलं नाही, हातच गेला. सुरुवातीला गूळ लागला, शेंगदाणा लागला, वेलदोडा लागला. पुढं पुढं काहीच लागेना. तरी तो खात राहिला, फळीपुढं उभ्यानं, भराभरा, जसं कुणी डबा संपवायचा हुकूम दिलाय आणि वेळ संपत आलीय. आणि तळाला फक्त चुरा उरला असताना दारातून नानी आत आली. रिकामा डबा न्यायला.

नानीनं डबा बघितला, त्याच्या मिशीला लागलेला गूळ बघितला. लाडू खाल्ल्याचं तिला काही वाटलं नसतं, तिनं खाण्यासाठीच दिले होते. पण एवढ्या मोठ्या गड्याचे डोळे भरून आले होते, ते तिनं बघितलं.

"भूक लागलीवती व्हय रं?"

"न्हाई."

"मग?"

मग त्यानं सगळं सांगितलं. डॉक्टरसाहेब, कॅडर, खोटा नवस. आणि जे संयोगितालाही सांगितलं नव्हतं तेही. प्लास्टर घातलं तेव्हा दुपारी सगळी तुकडी बाहेर जायची, हा खाटेवर. त्यांच्या बुटांचा आवाज लांब लांब जायचा. तो आवाज बंद झाला की याचा हात खाटेखालच्या डब्याकडं जायचा, घरून आलेल्या चिवड्याकडं, मित्रांच्या घरून आलेल्या मिठाईकडं. भूक नसायचीच. मागं राहिल्यासारखं वाटायचं, आणि खाताना तेवढ्यापुरतं वाटायचं नाही. पाय बरा झाला, पण हाताची खोड तशीच राहिली.

नानी उपदेश करेल असं त्याला वाटलं. ती जमिनीवर बसली, पदरानं वारा घेतला आणि म्हणाली, "मग खा की. खाऊ नगस म्हणनारी मी कोण? पर उभ्यानं न्हाई आन एकट्यानं न्हाई. माणसात बसायचं आन मग खायचं. माणूस नसंल तर हुडकायचं."

"आन एवढ्यानं वजन उतरतंय?"

"मला काय ठावं? मी काय डाक्टर हाय? करून तर बग."

नवसाचं तिनं परस्पर मिटवलं. भैरोबापुढं नारळ फोडला, खोटं बोलल्याची माफी स्वतः मागितली आणि गल्लीत सांगून टाकलं की उपवास सुटला, आणि आता पोराचं जेवण माझ्याकडं. तिच्याकडं म्हणजे ज्वारीची भाकरी, मेथी नाहीतर उसळ, वाटीभर ताक, आणि समोर पाय पसरून बसलेली नानी. ती त्याला दर घासाला काहीतरी विचारायची. कुणाची म्हैस व्याली, काश्मिरात बर्फ कसा दिसतो, साहेब लोकांच्या बायका भाकरी करतात का. एवढी उत्तरं देत जेवायचं म्हटल्यावर माणूस हळूच जेवतो. पोट भरलं की कळायचंही. हे आपल्याला कळतं, याचंच वीरधवलला नवल वाटलं. सकाळी तो कालव्याच्या कडेनं पळायला लागला, आधी धापा टाकत, मग जरा कमी धापा टाकत. चिंतामणच्या काट्यावरचा आकडा रडतखडत खाली सरकू लागला.

आणि मग ती दुपार आली.

आधी फोन आला. युनिटमधून जयराजचा. जयराज कोरेगावकडचा, वीरधवलपेक्षा दोन वर्षांनी मागं भरती झालेला, याच्याच हाताखाली तयार झालेला. कॅडरची यादी लागली होती आणि त्यात जयराजचं नाव होतं. वीरधवलचंही होतं, पण समोर पेन्सिलीनं लिहिलेलं, मेडिकल बाकी. पोरगं आनंदानं नुसतं उड्या मारत होतं. वीरधवलनं त्याचं अगदी मनापासून अभिनंदन केलं. फोन ठेवला. आणि त्याला पुन्हा तो लांब जाणाऱ्या बुटांचा आवाज ऐकू आला.

त्याच दिवशी सकाळी साताऱ्याहून संयोगिताच्या भावानं खोकं आणून ठेवलं होतं. जावयासाठी सासूबाईंनी पाठवलेले कंदी पेढे, दोन किलो. फळीवरून त्या खरपूस भाजलेल्या खव्याचा वास अख्ख्या घरात पसरला होता. कंदी पेढ्यांचा वास कुणी कधी नीट घेतला असेल, तर त्याला पुढचं सांगायला नको.

वीरधवल फळीपाशी कधी पोचला ते त्याला कळलं नाही. खोक्याची दोरी सुटलेली, झाकण उघडं, बोटांत पेढा. एक खाल्ला की सगळे जाणार हे त्याला स्वच्छ दिसत होतं, जसं उतारावर ब्रेक नसलेली सायकल सोडली की कुठं जाऊन आदळणार ते दिसतं. तरी हात तोंडाकडं निघालाच होता. तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं, आपण उभे आहोत. आणि एकटे आहोत.

त्यानं पेढा परत ठेवला. खोकं उचललं. खायचं नाही असं त्यानं काही ठरवलं नव्हतं बरं का. खायचंच होतं, पटकन खायचं होतं, त्यासाठी एक माणूस पाहिजे होता.

नानीच्या घराला कडी. शेजारी कडी. पलीकडं कुलूप. हळद काढायचे दिवस, सगळी वाडी रानात गेलेली. चिंतामणच्या दुकानाचं शटर खाली. शेवटी आबा सापडले, नानीच्याच घराच्या मागच्या पडवीत बाजेवर, पण घोरत. वीरधवल खोकं मांडीवर घेऊन त्यांच्या पायथ्याशी बसला आणि झोपलेला माणूस माणसात धरायचा की नाही, यावर त्यानं खूप प्रामाणिकपणे विचार केला. एकदा तर झाकणही उघडलं. आबांनी झोपेतच अंग खाजवून कूस बदलली आणि पाठ केली. तेव्हा तो उठला.

मग तो निघाला रानाकडं. ऊन डोक्यावर, खोकं काखेत, वास नाकात. बाभळीखाली जरा सावली दिसली तर पाय आपोआप थांबले. इथं कोण बघतंय? पण उभ्यानं न्हाई, एकट्यानं न्हाई. तो पुढं चालू लागला. कालवा ओलांडला, तेव्हा मनातली ओढ अगदी टोकाला होती, इतकी की त्याला रडावंसं वाटलं. मग पायवाट लागली, बांध लागले, काटेरी कुंपणात लेंगा अडकला, तो सोडवताना अंगठ्याला काटा लागला. आणि हळदीच्या रानाशी पोचला तेव्हा त्याला एक गंमत कळली. त्याला तहान लागली होती. नुसती तहान. ती मघाची ओढ वाटेत कुठंतरी बसून राहिली होती.

रानात बायका ओळीनं बसून हळदीचे गड्डे मोडत होत्या, कोपरापर्यंत पिवळ्याधमक. नानी मध्ये होती. वीरधवल बांधावर बसला, गटागटा पाणी प्याला, खोकं उघडून पुढं सरकवलं आणि म्हणाला, "घ्या."

आणि इथंच त्याची चूक झाली. अशी चूक, जी बर्फी आणली असती तर झाली नसती.

"पेढे कशाचे?" अंकितानं विचारलं. ती त्याच्या चुलतभावाची बायको, वाडीतल्या सगळ्या बातम्या आधी हिच्याकडं यायच्या.

आपल्याकडं पेढे उगीच कोण वाटतं? मुलगा झाला, पास झाला, नोकरी लागली, तर पेढे. वीरधवलला उत्तर सुचायच्या आत रानानं उत्तर शोधलंसुद्धा. एक म्हणाली, संयोगिताला दिवस गेले. दुसरी म्हणाली, छट, हवालदार झाला. तिसरी म्हणाली, दोन्ही असंल, खोकं बघा की केवढं हाय. एक म्हातारी उठून त्याच्या गालावरून हळदीचे हात फिरवून बोटं मोडून गेली. आणि अंकितानं हात लुगड्याला पुसून मोबाईल काढला. आबांना सांगते म्हणाली.

आबांना म्हणजे बाजाराला, म्हणजे संध्याकाळपर्यंत एसटी स्टँडवर वीरधवलच्या फोटोचा फ्लेक्स. गप्प बसला असता तर त्या दिवसापुरता तो हवालदार झाला असता, सगळ्यांनी डोक्यावर घेतलं असतं. त्यानं नानीकडं बघितलं. नानी गड्डा मोडत होती, त्याच्याकडं बघत नव्हती. हे त्याचं त्यालाच करायचं होतं.

"अंकिता, फोन ठेव," तो म्हणाला. "कशाचेच न्हाईत. हवालदार झालो न्हाई, वजन जास्त हाय म्हणून अडकलोय. हे पेढे घरात ऱ्हायले असते तर मी एकट्यानं सगळे खाल्ले असते, म्हणून आणलेत."

हळद मोडायचा कटकट आवाज थांबला. वीरधवलला वाटलं, जमीन फाटली तर बरं, नाहीतर निदान हळदीची एक सरी.

अंकितानं मोबाईल खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर हसू दाबलेलं दिसत होतं. "म्हंजे भावजी, उपवासाचा फराळ खाऊन तुमी आनखी फुगलासा?"

"व्हय."

"माझ्या खिचडीनंबी?"

"तुझ्या खिचडीनं जास्ती. तूप किती घालतीस."

मग जे हसणं सुटलं! म्हातारी हसता हसता बांधावरून घसरली. आणि वीरधवल बसला होता, त्याला वाटलं होतं आपल्यावर हसतील, पण तोच सगळ्यांत जोरात हसत होता. नानीनं पेढा उचलला आणि म्हणाली, कशाचे का असंनात, पेढे हायत न्हवं, मग खावा. पिवळे हात चहूकडून आले. पांढऱ्या खोक्यावर बोटांचे ठसे उठले आणि बघता बघता खोक्याचा तळ दिसला. वीरधवलच्या वाट्याला एक आला, त्यातला अर्धा नानीनं मागून घेतला. उरलेला अर्धा त्यानं मांडी घालून, सावकाश खाल्ला. लय दिवसांनी पेढ्याला पेढ्याची चव होती.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. आबा रुसले, बाजारात तोंड कसं दाखवू म्हणून जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र कालव्यावर वीरधवलच्या मागं स्कूटरचा हॉर्न वाजला. मागं बघतो तर आबा, कानाला मफलर बांधून, ओरडत, पळ म्हणत. त्या दिवसापासून हॉर्न थांबला नाही. आणि घरोघरची आवतणं पुन्हा सुरू झाली, पण आता ताटात काय असायचं? कांदापात, मुगाची उसळ, काकडीच्या फोडी. मटणाच्या घरीसुद्धा मटणाच्या दोनच फोडी आणि गप्पा चिक्कार. वाढायला आलेल्या बाईला दुसरी बाई दटावायची, अगं, यादीतनं नाव जाईल त्याचं. चार पिढ्या सोडा, लोक दीड दिवससुद्धा हसले नाहीत. त्यांना एक काम मिळालं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी चिंतामणच्या दुकानात ही गर्दी. वीरधवल काट्यावर चढला. आकडा बघून सगळ्यांची तोंडं उतरली. सुट्टीवर आला होता त्यापेक्षाही जास्त! चिंतामणनं वाकून बघितलं आणि म्हणाला, आबा, आधी तुमी खाली उतरा. आकडा नीट दिसावा म्हणून आबांनी एक पाय काट्यावर ठेवून वीरधवलच्या खांद्यावर सगळा भार टाकला होता. त्यांना बाजूला ओढलं, आणि आकडा धाडकन खाली आला. मर्यादेच्या अगदी कडेला. आत की बाहेर, ते साहेबांचाच काटा ठरवणार होता.

तो काटा पांढऱ्या फरशीच्या खोलीत होता. तिथं गर्दी नव्हती, हॉर्न नव्हता. वीरधवल चढला, समोरच्या भिंतीकडं बघत राहिला. डॉक्टरसाहेबांनी चष्म्याच्या वरून बघितलं, मग चष्म्यातून बघितलं. वजन मर्यादेच्या आत होतं, केसाएवढं का होईना. ते म्हणाले, तिकडं ठेवून आलास वाटतं. यादीतली पेन्सिल त्यांनी स्वतः खोडली.

त्यानं घरी फोन केला तेव्हा नानीनं रानाच्या दिशेनं कुणाला तरी इतक्या मोठ्यानं हाक मारली की त्यानं मोबाईल कानापासून लांब धरला.

सोमवारी पहाटे कॅडर सुरू झाला. जयराज शेजारी पळत होता, पुढं धुकं, मागं शिकवणाऱ्या उस्तादाची शिट्टी. पहिल्या दिवशीच सगळ्यांचा घामटा निघाला. परत आले तेव्हा लंगरवर, म्हणजे फौजेच्या जेवणघरात, गरम पुऱ्या आणि बटाट्याची भाजी होती. वीरधवल ताट घेऊन सगळ्यांच्या मध्ये जागा करून बसला. पोटात कावळे नुसते कोकलत होते. त्यानं क्षणभर नीट कान देऊन ऐकलं, खात्री करून घेतली. भूकच होती. मग तो जेवला.